एस्तेरची टाच

या, असे जवळ या. चटई पुरत नसेल तर पोत्यावर बसा, पण लांब उभं राहू नका. ही गोष्ट लांबून ऐकण्यातली नाही. झांज नाही, पेटी नाही, तरी कीर्तनाला बसल्यासारखं मन मोकळं करून बसा. बोरगावच्या अलीकडं, नदीच्या वळणावरच्या एका गावातली मंगल आणि तिची पंधरा वर्षांची लेक एस्तेर, यांची ही गोष्ट आहे. एका पोरीनं एक शब्दही न बोलता चर्चच्या साऱ्या मंडळीला कसं जागं केलं ते तुम्हाला सांगणार आहे. ऐकून घरी जाल तेव्हा पावलं हलकी होतील, एवढा माझा शब्द.

मार्च महिना होता. शिवारातला तंबाखू निघून गेला होता आणि निपाणीकडनं येणारा वारा नाकात झोंबत होता. त्या रविवारी उपासना संपली आणि तरुण पाळकसाहेबांनी खिशातली चिठ्ठी काढली. पाळकसाहेब बेळगावहून मोटरसायकलवरनं महिन्यातनं एकदा यायचे. बाकीचे रविवार मंडळीचे वडीलधारे सत्याप्पा पंच चालवायचे. इस्टरला तीन पोरांचं दृढीकरण होणार होतं. म्हणजे तान्हेपणी ज्यांचा बाप्तिस्मा झाला, त्यांनी आता विश्वासांगीकार, म्हणजे आपण काय काय मानतो ते ठरलेल्या ओळींत म्हणून, आपल्या मनानं विश्वास कबूल करायचा, आणि त्या दिवसापासून मोठ्यांच्या बरोबरीनं प्रभूच्या मेजाशी बसून भाकर नि द्राक्षरस घ्यायचा. सौरव, साईराज, आरोही. तीन नावं झाली, चिठ्ठी मिटली.

पडवीत बसलेली मंगल उठली. तिच्या शेजारी एस्तेरची खुर्ची होती. मंगलच्या नवऱ्यानं, भरमूनं, ती स्वतः केली होती. गवंड्याच्या हाताखाली माती कालवता कालवता गवंडी झालेला माणूस. त्यानं प्लास्टिकच्या खुर्चीला सायकलची दोन चाकं लावली, पाठीला गोधडी बांधली आणि पाय टेकायला तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकला. एस्तेरचे हात कोपरात वळलेले, मान डावीकडं कललेली, जीभ तोंडात ठरत नव्हती. साऱ्या अंगात तिचं ऐकणारी एकच जागा होती, डाव्या पायाची टाच.

"आप्पा," मंगल सत्याप्पा पंचांना म्हणाली, "आमच्या इस्तरचं नाव ऱ्हायलं."

पंचांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला. "ऱ्हायलं न्हाई, मंगल. घातलंच न्हाई."

"का बरं? आरोहीपरास दोन म्हैन्यांनी थोरली हाय ती."

"वयाचं काय घिऊन बसलीस? धा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, विश्वासांगीकार. चाळीस प्रश्न हाईत. तोंडानं उत्तरं द्यायची असत्यात. हिच्या तोंडातनं लाळंबिगर काय आलंय का आजवर?"

मागं दोघी बायका हसल्या, आणि हसू आलं म्हणून पदर तोंडाला लावला. आरोहीची आई चांगल्या मनाची, ती मंगलचा हात धरून म्हणाली, "अगं, देवाला ठावं हाय की तिचं. तिला मेज कशाला पायजे?"

"देवाला ठावं हाय, मंडळीला न्हाई," मंगल म्हणाली. "म्हणून तर पायजे."

"आणिक एक सांगतो," पंचांचा आवाज चढला. "समदी उभी ऱ्हाऊन विश्वासांगीकार म्हणत्यात आणि ही लाथ हाणती. दर रविवारी. माझं म्हणणं संपत आलं की खण्ण! आतनं उचलून पडवीत बसवली, तरी त्येच. असल्या पोरीला मेजाशी आणून द्राक्षरस लोकांच्या अंगावर सांडायचा?"

एस्तेरनं घशातून आवाज काढला. तिला समजलं होतं. तिला नेहमीच समजत असे, आणि लोक तिच्यासमोर भिंतीसमोर बोलावं तसं बोलत.

घरी जाताना गटारीवरच्या फरशीत चाक अडकलं. मंगलनं खुर्ची मागं ओढली, उचलली, पुढं ढकलली. तिची सासू मालुबाई मागून येत होती. "कशापायी तोंड वाजवलंस गं? समद्यांच्या म्होरं हसं झालं. जे हाय ते हाय म्हणावं नि गप बसावं."

"आत्ती, सोळा वर्सं गपच बसलीया."



* * *

सोळा वर्षांचं सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही, म्हणून थोडं सांगून घेतो.

मंगलचं माहेर कणकुंबीच्या रानात. वडील गेले आणि चुलत्यानं स्थळ आणलं. ख्रिस्ती घर आहे, मुलगा दारू पीत नाही, अजून काय पाहिजे? मंगल पंधरा वर्षांची होती. तीन रविवार मंडळीत लग्नाची चिठ्ठी वाचली गेली, कुणाची हरकत आहे का म्हणून विचारलं गेलं, आणि तिन्ही वेळा माणसं घामेजल्या मानेवर वारा घेत बसली. लग्नाच्या दिवशी जुन्या पाळकांनी विचारलं, या पुरुषाला पती म्हणून स्वीकारतेस काय? मंगल तेव्हा मेणबत्तीपाशी घिरट्या घालणारा किडा बघत होती. मागून मावशीनं पाठीत बोट खुपसलं. "व्हय म्हण." ती व्हय म्हणाली. नोंदवहीत सत्याप्पा पंचांनी वयाच्या रकान्यात एकोणीस लिहिलं.

वर्षाच्या आत ती अडली. दोन दिवस कळा देऊन पोर सुटेना, तेव्हा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गवत अंथरून तिला दवाखान्यात नेली. नर्सनं कन्नडात वय विचारलं, "वयस्सु एष्टु?" मालुबाईनं पाठ केल्यासारखं उत्तर दिलं, "एकोणीस." नर्सनं मंगलच्या तोंडाकडं पाहिलं, मनगटाकडं पाहिलं, आणि कागदावर लिहिलं. पोर जन्मली, रडली मात्र फार उशिरा.

"कुणाचं पाप म्हणायचं ह्ये?" मालुबाई तेव्हा म्हणाली होती. हाच प्रश्न एकदा एका आंधळ्याकडं बघून शिष्यांनीही विचारला होता, आणि प्रभूनं तो तिथल्या तिथं मोडून काढला होता. पण बाळंतिणीच्या खाटेशी हे सांगायला कुणी नव्हतं. मंगलला ते स्वतःच शोधावं लागलं, बिड्या वळता वळता, वर्षं घालवून. पाप होतं, हे तिनं मान्य केलं. पण ते पोरीच्या अंगात नव्हतं. एका पोरीला बाई म्हणून लिहिलं, त्या आकड्यात ते होतं.

एस्तेर चार वर्षांची असताना बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात एका म्हाताऱ्या डॉक्टरनं तिच्यापुढं लाल नि पिवळा चेंडू धरून बराच वेळ खेळ केला आणि म्हणाला, "बुद्धी चन्नागिदे, अम्मा." अक्कल चांगली आहे. एवढं कन्नड मंगलला येत होतं. ती बसस्टँडच्या बाकावर बसून पोटभर रडली. मग तिनं पोरीला उसाचा रस पाजला, चमच्याचमच्यानं. निपाणीच्या दोन गाड्या सुटून गेल्या.

त्या दिवसापासून मंगल लेकीशी बोलत आली. बिडीच्या कामाला हात गुंततात, तोंड मोकळं असतं. सकाळी ओल्या गोणपाटात गुंडाळलेली पानं काढायची, पत्र्याच्या मापानं कातरायची, मांडीवर सूप घ्यायचं, पानावर चिमूटभर तंबाखू सारखा पसरायचा, वळायचं, तोंड नखानं दुमडायचं, दोरा मारायचा. हे चालू असता मंगल गायची. तिचा आजा ख्रिस्ती कीर्तनकार होता. कणकुंबीपासून खानापुरापर्यंत पावसाचे चार महिने सोडून तो चिपळ्या घेऊन फिरायचा आणि विश्वासांगीकार पदात बांधून गायचा. काय मंडळी, पदाची हीच तर थोरवी आहे! बोलण्यातली ओळ गळते नि पत्ता लागत नाही. पदातली ओळ गळली की चाल लंगडते. मंगल गायची,

निजला देह मातीत गं, माती त्याची राखण करी,
धनी हाक मारील तेव्हा, उठून येईल आपल्या घरी.

मग तेच ती पुस्तकातल्या शब्दांत म्हणायची, आणि एक दिवस म्हणता म्हणता चुकली. एस्तेरची टाच पत्र्यावर आपटली. खण्ण! मंगलनं दचकून वर पाहिलं. पुन्हा तसंच चुकून म्हटलं. खण्ण! बरोबर म्हटलं, तर पोर गप्प, आणि तोंडभर हसू. मग तो त्या दोघींचा खेळच झाला. मंगल मुद्दाम चुकायची. चवथी आज्ञा सहावीच्या जागी घालायची, नोहाच्या तारवात बेडूक घ्यायची विसरायची. एस्तेर टाच हाणायची.

हे घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. चर्चमध्ये पोर टाच हाणायची तेव्हा मंगलला वाटायचं, आता विश्वासांगीकार संपून गाणं सुरू होणार म्हणून तिला आनंद होतोय. लोक वळून बघत. मग मंगल डोळे मिटून, मनात आज्याच्या चालीवर म्हणता म्हणता, त्या टाचेवर हळूच आपला तळवा ठेवायची.

* * *

त्या आठवड्यात मंगलचं बिड्या वळणं बिघडलं. चाळीसच्या चाळीस प्रश्न तिला लेकीकडून घोटून घ्यायचे होते. जीभ प्रश्नांत, लक्ष टाचेकडं, आणि बोटं मोकाट. गुरुवारी ठेकेदाराचा माणूस ज्योतिबा माल तपासायला आला. त्यानं बिड्यांचा कट्टा उचलला, दोन बोटांत दाबला, नि नापास बिड्या बाजूला फेकू लागला.

"छाट. छाट. ही बघा, तोंड उघडं. ही पोटात पोकळ. वयनी, काय झोपंत वळलासा काय?"

"पोरीचा अभ्यास घेत हुते."

ज्योतिबानं खुर्चीकडं पाहिलं. "हिचा?" तो हसला नाही, ते हसण्याहून लागलं. त्यानं छाट बिड्यांचा ढीग मोडून सुपात टाकला. "उद्या परत वळून द्या. मला वरनं बोलणी बसत्यात."

मंगलनं मोडलेली पानं उलगडायला घेतली. खांद्यातून कळ येत होती, तंबाखूच्या भुकटीनं खोकला थांबत नव्हता. संध्याकाळी भरमू आला, हातपाय धुतले, सुपाशी बसला आणि न विचारता दोरे मारू लागला. सिमेंटनं फुटलेल्या बोटांना दोरा कापत होता.

"पंच काय म्हणला?"

"तोंडानं उत्तरं पायजेत म्हणला."

"मग?"

"जाते उद्या. घरलाच जाते त्याच्या."

भरमूनं दोरा दातानं तोडला. "माझ्यानं बोलणं हुईत न्हाई त्येच्यासमोर. लहानपणापासनं भ्या वाटतं. पण तू जा. पोरीला मी बघतो."

सत्याप्पा पंच एकटे राहत. त्यांची बायको बायडाबाई दोन वर्षांपूर्वी गेली, मुलगा पुण्याला. मंगल दारात पोचली तेव्हा आत धूर कोंडला होता. पंच चुलीपुढं उकिडवे बसून तव्यावरची भाकरी सुरीनं उकरत होते. मंगलनं काही न बोलता त्यांना बाजूला केलं, करपलेली भाकरी काढली, पीठ मळून दुसरी थापली. भाकरी फुगली तशी पंचांनी मान खाली घातली.

"बोल. पण त्येच बोलणार असशील तर नगं बोलू."

"आप्पा, एकच इचारायचं हाय. माझ्या लग्नात तुमी व्हता."

"व्हतो की. नोंद मीच केली."

"मला किती प्रश्न इचारलं व्हतं?"

पंचांच्या लक्षात येईना.

"एकच," मंगल म्हणाली. "जल्माचा संसार, आणि प्रश्न एक. पंधरा वर्सांची व्हते. त्या प्रश्नाचा मतलब मला ठावं न्हवता. मावशीनं ढोसलं नि मी व्हय म्हणाले, त्ये तुमाला चाललं. तवा कुणी म्हणालं न्हाई, पोरीला समजतंय का बघू. आणि माझी पोर समदं समजून बसलीया, तर तिला भाकरीच्या एका तुकड्यासाठी चाळीस प्रश्न? तेबी तिला जे देवानं दिलंच न्हाई, त्या तोंडानं?"

चुलीतलं लाकूड फुटलं. पंचांनी ते आत सारलं.

"एकोणीस ल्हिलं मी," ते शेवटी म्हणाले. "तुझा चुलता म्हणला, ल्ह्या. मी ल्हिलं. त्ये मला बोचतंय, मंगल. बोचत न्हाई असं नगं समजू." मग आवाज पुन्हा पंचाचा झाला. "पण एका चुकीवर दुसरी चूक करून कसं चालंल? समजतंय म्हणतीस, दाखव. येत्या रविवारी परीक्षंला पाळकसाब मुद्दाम येणार हाईत. चुकली तर विषय संपला. परत ह्ये तोंडातनं काढायचं न्हाई."

"न्हाई काढत."

"आणि ती भाकरी," पंच तिच्या मागून म्हणाले, "चांगली झालीया गं."

* * *

रविवारी चर्च नेहमीपेक्षा भरलं होतं. परीक्षा बघायला माणसं येतातच. नाही आलेली खिडकीतून बघतात. सौरव दहा आज्ञा धडाधड म्हणाला, साईराज आठवीवर अडखळला, आरोहीनं सारं गाऊन दाखवल्यासारखं म्हटलं. मग भरमूनं खुर्ची उंबऱ्यावरून उचलून आत आणली. दोन वर्षांनी एस्तेर चर्चच्या आत आली होती. तिनं मान जमेल तेवढी फिरवून छत पाहिलं, पंखा पाहिला.

मंगलनं पाळकसाहेबांना रीत सांगितली. चुकीचं बोला, पोर टाच हाणंल. बरोबर बोला, गप ऱ्हाईल.

पाळकसाहेब गुडघ्यावर बसले. "एस्तेर, आज्ञा नऊ आहेत."

खण्ण!

"दहा आहेत."

गप्प.

"आपल्या प्रभूचा जन्म नासरेथात झाला."

खण्ण!

"अगं बाई," कुणीतरी म्हणालं. आरोही टाळी वाजवू लागली आणि तिच्या आईनं तिचा हात धरला. पाळकसाहेब विचारत गेले, टाच सांगत गेली. बारा प्रश्न झाले, पंधरा झाले. लोक पुढं पुढं सरकत होते.

"थांबा," सत्याप्पा पंच उभे राहिले. "आई समोर बसलीया. आई डोळा मिटती, मान हलवती. पोर आईकडं बघून लाथ हाणती. ह्येला परीक्षा म्हणायचं का?"

मंगलचे कान तापले. पाळकसाहेबांनी तिच्याकडं पाहिलं. ते काही बोलायच्या आत ती उठली. "मी भाईर जाते."

ती अंगणातल्या लिंबाखाली भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. आता तिला काही दिसत नव्हतं, आणि पोरीलाही ती दिसत नव्हती. चारचौघांत पोरीला अशी एकटी तिनं पंधरा वर्षांत कधी सोडली नव्हती. आतून पंचांचा आवाज आला.

"आता मी विश्वासांगीकार म्हणतो. अख्खा. बिनचूक. हिनं शेवटपतोर गप बसून दाखवायचं. एवढंच."

 नेमकं तेच! दर रविवारी पोर जिथं टाच हाणते, तेच.

पंच म्हणू लागले. आकाश व पृथ्वीचा निर्माता झाला, त्याचा एकुलता एक पुत्र झाला, वधस्तंभ झाला, तिसरा दिवस झाला. पत्रा गप्प. पवित्र आत्मा झाला. मंडळी झाली. पापांची क्षमा झाली. मंगलनं लिंबाच्या खोडाला कपाळ टेकलं. गप ऱ्हा, माझे बाई, एवढा क्षण गप ऱ्हा.

"...आणि सार्वकालिक जीवन..."

खण्ण!



"बगा!" पंचांचा आवाज. "बगितलं? मी बिनचूक म्हणत असताना हाणली! झालं समाधान?"

 मंगल लिंबाच्या मुळाशी बसली. ओठ मात्र सवयीनं चालू होते. आज्याची चाल ओठांवर पुढं सरकत होती. क्षमेचं कडवं झालं, आणि त्यामागं, निजला देह मातीत गं... ती एकदम थबकली. ही ओळ? ही ओळ पंचांच्या तोंडून कुठं ऐकली?

"आप्पा," पाळकसाहेब शांतपणे म्हणाले, "पुन्हा एकदा. सावकाश."

पंच पुन्हा म्हणू लागले. रागानं, प्रत्येक शब्द ठोकून. मंडळी. क्षमा. सार्वकालिक...

खण्ण!

तेव्हा आतून जो आवाज आला तो ऐकून मंगल उठूनच उभी राहिली. ती तिची सासू होती. गप बसावं म्हणणारी मालुबाई.

"आप्पा, तिसऱ्यांदा नगा म्हणू. पोरगी बरोबर हाय. तुमची वळ सुटलीया. देहाचं परत उठणं सुटलंय."

"काय बोलतीस?"

"आजची न्हाई सुटली, आप्पा." हा आरोहीच्या आईचा आवाज, अगदी हळू. "दोन वरीस सुटतीया. आमी मागनं मनात म्हणून घेतो."

"मग बोललासा का न्हाई कुणी?"

 मंगल दारात आली. सारी मंडळी जमिनीकडं बघत होती. पंच एकेकाच्या तोंडाकडं बघत होते, आणि बघता बघता ते वेदीच्या पायरीवर बसले.

"बायडाला मातीत ठिवली," ते म्हणाले, "त्या दिसापासनं ती वळ जिभंवर येत न्हाई. तिथवर आलो की निसती माती दिसती. पाऊस व्हता त्या दिशी, खड्ड्यात पाणी व्हतं. मला वाटलं, एवढंसं सुटतंय, कुणाला कळतंय." त्यांनी खुर्चीकडं पाहिलं. "ही एकटी सांगत व्हती मला. दर रविवारी. आणि मी तिला पडवीत घालवली."

मंगलनं आपल्या तळव्याकडं पाहिलं. ती टाच किती रविवार तिनंही दाबून धरली होती! साऱ्या मंडळीनं दयेपोटी जे गिळलं, ते त्या पोरीनं गिळलं नव्हतं. ज्या देहाला सगळे बिघडलेला म्हणत आले, त्या देहाच्या उठण्याची ओळ ती कुणालाही सोडू देणार नव्हती.

पंच गुडघ्यावर हात देऊन उठले, खुर्चीपुढं वाकले. एस्तेरची लाळ त्यांच्या बाहीवर सांडली. त्यांनी पुसली नाही.

"इस्तर, मी परत म्हणतो. चुकलो तर हाण."

तिसऱ्यांदा विश्वासांगीकार सुरू झाला. या वेळी कुणी सांगितलं नव्हतं तरी सगळे उभे राहिले. मंडळी. पापांची क्षमा. पंच थांबले.  मंडळीही थांबली, कुणी त्यांच्या वाटणीचं म्हटलं नाही. पंखा फिरत होता.

"देहाचं..." पंच म्हणाले, "देहाचं परत उठणं..." आणि मग आवाज फुटून मोठा झाला, "आणि सार्वकालिक जीवन मी मानतो!"

पत्रा गप्प होता. एस्तेर हसत होती, साऱ्या तोंडानं, साऱ्या मानेनं.

"पाळकसाब," सत्याप्पा पंच चष्मा शोधत म्हणाले, "चवथं नाव ल्ह्या."

* * *

त्या दुपारी घरात गोड केलं होतं. मालुबाई नातीला शिरा भरवत होती आणि शेजारणीला सांगत होती, "मी म्हणाले की उठून! पंच झाला म्हणून काय झालं?" मंगल नि भरमू मागच्या दारी भांडी घासत बसले होते. भरमू कधी भांड्याला हात लावत नसे. आज राखेत बोटं घालून बसला होता.

"मंगल, लग्नात तू व्हय म्हणालीस, त्ये तुझं न्हवतं म्हण की."

"न्हाई. मावशीचं व्हतं."

भरमूनं परात उगाच दोनदा घासली. "मलाबी एकविसाव्या वर्सी काय कळत व्हतं? मग आता?"

"आता काय? पंधरा वर्सं तुमच्या संगतीनं पोरीला उचलली, न्हाऊ घातली, रातच्या रात बसले, त्ये काय मावशीनं केलं?"

"तरी सांग की एकदा."

मंगलनं राखेचा हात धुतला, पदराला पुसला, आणि नवऱ्याकडं नीट बघून म्हणाली, "व्हय." एकतीस वर्षांची बाई ती, पण लाजली. मग लगेच म्हणाली, "पण एक सांगून ठिवते. आरोहीचं नाहीतर आणि कुठल्या पोरीचं आठरा भरायच्या आत कुणी ठरवलं, आणि मंडळीत चिठ्ठी वाचली, तर मी उभी ऱ्हाऊन हरकत घेणार. पाळक असू दे, न्हाईतर पंच."

"घे की," भरमू म्हणाला. "उंची कमी पडली तर मी खालनं उचलून धरतो."

इस्टरच्या रविवारी एस्तेरला पांढरा झगा होता, मंगलनं शिवलेला. पाळकसाहेबांनी चौघांच्या डोक्यावर हात ठेवले. मग मेज मांडलं. भाकरीचं ताट सत्याप्पा पंचांच्या हातात होतं. ते पहिल्या रांगेशी आले, खुर्चीपुढं थांबले, भाकरीचा लहान तुकडा द्राक्षरसात भिजवून एस्तेरच्या जिभेवर ठेवला.

गिळणं ही तिच्यासाठी सोपी गोष्ट नव्हती. जीभ तुकडा बाहेर ढकलायची. मंगल बोटानं आत सारायची. मान ताठ झाली, डोळ्यांत पाणी आलं, लाल रस हनुवटीवरून झग्यावर उतरला. मंडळीचं गीत संपलं. ताट पुढं जायला हवं होतं. मागं चाळीस माणसं वाट बघत होती, घरोघरी मटण शिजत होतं.

सत्याप्पा पंच हलले नाहीत. ताट तसंच धरून ते म्हणाले, "गीत परत घ्या."

गीत दुसऱ्यांदा झालं, तिसऱ्यांदा झालं. तिसऱ्या खेपेला बायकांनी चाल चढवली, आण्णाप्पा म्हाताऱ्यानं झांज उचलली, आणि छपराखाली असा नाद भरला की रस्त्यानं जाणारी माणसं सायकली थांबवून उभी राहिली. कुणी घड्याळ पाहिलं नाही. आणि मग एस्तेरचा गळा हलला. एकदा. तिनं तोंड उघडलं, आईला दाखवलं. तोंड रिकामं होतं.

"गिळलं गं बाई, गिळलं!" मालुबाई ओरडली, आणि चाळीस माणसं हसत, डोळे पुसत एकदमच आमेन म्हणाली. मग ताट पुढं गेलं.

झाली गोष्ट. आता उठा, पण जाता जाता एवढं माझं ऐका. पुढच्या वेळी मेजाशी बसाल, ताट हातातून हातात सरकत असेल आणि मनाला घरी जायची घाई झाली असेल, तेव्हा नदीच्या वळणावरच्या एस्तेर भरमू नावाच्या पोरीची आठवण ठेवा. तिला अजून वेळ लागतो. तिचं गिळून होईपर्यंत तुम्हीही थांबा.